रेणूंच्या टकरी कशा अभ्यासाव्यात: ठाणे-नवी मुंबईतल्या नवशिक्यांसाठी

हवेतला एक रेणू सेकंदाला साधारण ७ अब्ज वेळा दुसऱ्या रेणूंवर आदळतो. दोन टकरींच्या मधे त्याला मोकळं मिळणारं अंतर जेमतेम ७० नॅनोमीटर. एवढी धक्काबुक्की चालू असूनही खोलीतला नायट्रोजन नायट्रोजनच राहतो आणि ऑक्सिजन ऑक्सिजनच. म्हणजे जवळजवळ सगळ्या टकरी वाया जातात. जी एखादी वाया जात नाही, तिच्यात वेगळं काय घडलं, हे शोधणाऱ्या शास्त्राला रिअॅक्शन डायनॅमिक्स म्हणतात. बारावीच्या पुस्तकात त्याला दीड पान मिळतं. बीएस्सीला एक प्रकरण मिळतं आणि तेही बहुतेक वेळा परीक्षेच्या आधी घाईत उरकलं जातं. माझ्या मते रसायनशास्त्रातला हा सगळ्यात सुंदर कोपरा आहे, आणि तो महागड्या यंत्रांशिवाय बऱ्यापैकी आतपर्यंत पाहता येतो.

हा लेख बारावी झालेल्या किंवा बीएस्सी करत असलेल्या मुलांसाठी आहे. लॉगॅरिदम, आलेखाचा चढ आणि थोडं कॅल्क्युलस येत असलं की पुरे.

एक अभिक्रिया धरा आणि ती सोडू नका

नवशिके सगळी समीकरणं पाठ करत सुटतात. त्याऐवजी एकच अभिक्रिया निवडा. माझी शिफारस नायट्रिक ऑक्साइड आणि ओझोन या जोडीची. यांची टक्कर झाली की नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन तयार होतो. दोनच रेणू, एकच पायरी, आणि ही अभिक्रिया ठाणे-बेलापूर रस्त्यावर रोज चालू असते. डिझेल इंजिनाच्या धुरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो, हवेत थोडा ओझोन असतोच, दोघं भेटतात.

आता वही काढा. हवेत ओझोन ३० पीपीबी आहे असं धरा, म्हणजे दर एक अब्ज रेणूंमागे ३०. खोलीच्या तापमानाला एका घन सेंटिमीटरमध्ये ओझोनचे सुमारे ७४० अब्ज रेणू झाले. पुढे दोन रेणूंचा सापेक्ष वेग काढायचा: ८ गुणिले आर गुणिले तापमान, भागिले पाय गुणिले रिड्यूस्ड मास, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. इथे रिड्यूस्ड मास म्हणजे ३० गुणिले ४८ भागिले ७८, साधारण १८.५ ग्रॅम प्रति मोल. ग्रॅमचं किलोग्रॅम करायला विसरू नका. उत्तर सेकंदाला ५८५ मीटरच्या आसपास येईल. टकरीचं लक्ष्य, म्हणजे ज्या क्षेत्रफळाच्या आत आलं की आदळले म्हणायचं, ते ०.४ चौरस नॅनोमीटर धरा. वेग, क्षेत्रफळ आणि ओझोनची संख्या यांचा गुणाकार केला की कळतं, नायट्रिक ऑक्साइडचा एक रेणू सेकंदाला सुमारे १७० वेळा ओझोनवर आदळतो.

प्रत्यक्ष मोजलेला वेग-स्थिरांक २५ अंश सेल्सियसला साधारण १.९ गुणिले १० चा उणे १४ वा घात इतका आहे (घन सेंटिमीटर प्रति रेणू प्रति सेकंद). त्याला ७४० अब्जांनी गुणा. सेकंदाला ०.०१४ मिळतं. याचा व्यस्त घेतला की कळतं, बसच्या नळीतून निघालेला नायट्रिक ऑक्साइडचा रेणू सरासरी ७० सेकंद टिकतो. सेकंदाला १७० टकरी आणि ७० सेकंद, म्हणजे १२ हजार टकरींमागे एक फळली.

बाकीच्या का वाया गेल्या? इथेच विषयाचं दार उघडतं. या अभिक्रियेची सक्रियण ऊर्जा मोलमागे सुमारे १२.५ किलोज्यूल आहे. आर्‍हेनियसने १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणातला घातांकी भाग काढला तर पुरेशी ऊर्जा साधारण १५० टकरींपैकी एकीतच असते. पण हिशेब १२ हजारांचा होता. १२ हजार भागिले १५०, म्हणजे ८० चा गुणक अजून उरतो. तो दिशेचा आहे. ऊर्जा असूनही नायट्रिक ऑक्साइडने ऑक्सिजनची बाजू पुढे केली, किंवा ओझोनच्या टोकाच्या अणूऐवजी भलतीकडे धडक दिली, तर दोघं आले तसे परत जातात. दिशा जुळणाऱ्या टकरींच्या या प्रमाणाला, इथे एक भागिले ८०, स्टेरिक फॅक्टर म्हणतात. मॅक्स ट्राउट्झने १९१६ मध्ये आणि विल्यम लुइसने १९१८ मध्ये टकरीचा सिद्धांत मांडला, त्यात रेणू म्हणजे गुळगुळीत गोळे होते, आणि गोळ्याला पुढची-मागची बाजू नसते. हा ८० चा गुणक गोळ्यांच्या चित्रात कुठूनही निघत नाही. तो समजून घ्यायला रेणूचा आकार, त्यातले इलेक्ट्रॉन, टकरीचा कोन हे सगळं आणावं लागतं.

ही आकडेमोड स्वतःच्या हाताने करा. लक्ष्याचं क्षेत्रफळ मी अंदाजाने धरलं आहे, ते ०.३ किंवा ०.५ केल्यावर ८० चं काय होतं तेही पाहा. कोणता आकडा पक्का आणि कोणता सैल, हे ओळखण्याची सवय इथूनच लागते.

घराजवळच्या मोजमापांवर ताडून पाहा

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची हवा मोजणारी केंद्रं ऐरोली, नेरूळ, महापे इथे आहेत, ठाण्यातही आहे. त्यांची नोंद केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर उतरवून घेता येते. हिवाळ्यातल्या एखाद्या आठवड्याची नोंद घ्या आणि सूर्यास्तानंतरचे तास पाहा. दिवसाचे तास सुरुवातीला वगळा, कारण उन्हात नायट्रोजन डायऑक्साइड फुटून ओझोन पुन्हा तयार होतो आणि हिशेब गुंततो. रात्री रहदारीमुळे नायट्रिक ऑक्साइड चढला की ओझोन खाली गेलेला दिसायला हवा. नोंद मायक्रोग्रॅममध्ये असेल तर ओझोनच्या आकड्याला १.९६ ने भागा, पीपीबी मिळेल. नायट्रिक ऑक्साइडसाठी १.२३ ने भागा. काही तास रिकामे असतात, काही आकडे उघड चुकीचे वाटतात. ते वगळा, पण का वगळले ते वहीत लिहून ठेवा.

एक गोष्ट मला फार आवडते. या केंद्रांमध्ये नायट्रिक ऑक्साइड सहसा याच अभिक्रियेने मोजतात. यंत्राच्या आत ओझोन तयार करून हवेत मिसळतात. टकरीतून मोलमागे सुमारे २०० किलोज्यूल ऊर्जा सुटते, आणि काही नायट्रोजन डायऑक्साइड रेणू ती इलेक्ट्रॉनमध्ये साठवून जन्माला येतात. मग ते तांबडा आणि अवरक्त प्रकाश सोडतात. तो प्रकाश मोजला की नायट्रिक ऑक्साइड किती ते कळतं. आतला दाब मुद्दाम कमी ठेवतात, नाहीतर नव्या रेणूने प्रकाश सोडण्याआधीच हवेतले इतर रेणू त्याला धडकून ती ऊर्जा काढून घेतील. टकरीतून सुटलेली ऊर्जा कुठे जाते, हा प्रश्न तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर चोवीस तास मोजला जातोय.

प्रयोगशाळेत: हायपो आणि फुली

वायूंचे प्रयोग कॉलेजमध्ये जमणार नाहीत, पण सक्रियण ऊर्जा स्वतः मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका. सोडियम थायोसल्फेट म्हणजे हायपो. त्याचं ०.१ मोलर द्रावण ५० मिलि घ्या, त्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ५ मिलि घाला. गंधक सुटायला लागून द्रावण गढूळ होत जातं. बीकरखाली कागदावर पेनने फुली काढलेली असते. ती दिसेनाशी होईपर्यंतचा वेळ मोजायचा.

हे घरी करू नका. सल्फर डायऑक्साइड सुटतो, दमा असणाऱ्यांना त्याचा त्रास होतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेत, खिडक्या उघड्या ठेवून, सरांच्या किंवा मॅडमच्या देखरेखीखाली करा, आणि तापमान ५० अंशांच्या वर नेऊ नका. फुली गेली की बीकर लगेच सोड्याच्या द्रावणात रिकामा करा, म्हणजे अभिक्रिया थांबते आणि वासही.

आपल्याकडे अडचण थंड बाजूची असते. मे महिन्यात ठाण्यात नळाचं पाणीच ३० अंशांच्या पुढे असतं, त्यामुळे "खोलीचं तापमान" म्हणून घेतलेली सगळी मापं एकाच जागी गोळा होतात. बर्फ आणा. दोन्ही द्रावणं वेगवेगळी बर्फाच्या पाण्यात थंड करून १२-१५ अंशांपासून सुरुवात करा आणि पाच-सहा वेगळी तापमानं मिळवा. तापमान मिसळल्यानंतर बीकरमध्ये मोजा. बीकर तोच, फुली तीच, आणि पाहणारा माणूसही तोच ठेवा. दोघांनी आळीपाळीने पाहिलं की आलेखावरचे ठिपके विखुरतात.

मग आडव्या अक्षावर एक भागिले तापमान (केल्विनमध्ये), उभ्या अक्षावर एक भागिले वेळ याचा नैसर्गिक लॉगॅरिदम. सरळ रेषा येईल. तिचा चढ ८.३१४ ने गुणला आणि चिन्ह उलटं केलं की सक्रियण ऊर्जा.

सोबत हा हिशेब जरूर करा. तापमान ३०० वरून ३१० केल्विन झालं तर रेणूंचा वेग, आणि त्याबरोबर टकरींची संख्या, फक्त १.७ टक्क्यांनी वाढते. पण सक्रियण ऊर्जा ५० किलोज्यूल असेल तर अभिक्रियेचा वेग १.९ पट होतो. "गरम केलं की टकरी वाढतात म्हणून अभिक्रिया जलद होते" हे उत्तर अनेक वह्यांमध्ये लिहिलेलं असतं. टकरी वाढतात हे खरं, पण त्यांचा वाटा नगण्य आहे. वाढते ती जोरदार टकरींची संख्या.

मात्र इथे मिळालेला आकडा एका टकरीचा मानू नका. पाण्यात दोन रेणू भेटले की भोवतालचे पाण्याचे रेणू त्यांना कोंडून ठेवतात आणि ते सुटण्याआधी एकमेकांवर अनेकदा आदळतात. शिवाय ही अभिक्रिया अनेक पायऱ्यांची आहे. एकच टक्कर सुटी पाहायची तर वायू हवा आणि निर्वात हवा, किंवा संगणक.

लॅपटॉपवर टक्कर घडवा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पायथन पुरतं, साधा लॅपटॉप चालतो. अभिक्रिया सगळ्यात साधी घ्या: हायड्रोजनचा एक अणू हायड्रोजनच्या रेणूवर आदळतो, एक अणू पळवतो, दुसरा सोडून देतो. हेन्री आयरिंग आणि मायकेल पोलान्यी यांनी १९३१ मध्ये याच तीन अणूंचं ऊर्जा-पृष्ठ काढलं होतं. ऊर्जा-पृष्ठ म्हणजे तीन अणू कुठे आहेत त्यावर त्यांची स्थितिज ऊर्जा किती, याचा नकाशा. लंडन, आयरिंग, पोलान्यी आणि सातो या चौघांच्या नावांनी ओळखलं जाणारं सूत्र भौतिक रसायनाच्या बहुतेक मोठ्या पुस्तकांत मिळतं. त्यातला सातोचा आकडा बदलून मधल्या अडथळ्याची उंची ०.४२ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास आणा.

पहिल्यांदा तिन्ही अणू एका रेषेत ठेवा. पुस्तकं इथे दोन अंतरांची समीकरणं देतात आणि त्यात वेगांचा गुणाकार शिरतो. त्यापेक्षा तीन अणूंच्या तीन जागा धरा, प्रत्येकावरचं बल काढा आणि न्यूटनचा नियम लावा. व्हर्ले पद्धत वापरा, म्हणजे वेळेची लहान लहान पावलं टाकत पुढच्या जागा काढण्याची रीत. एकके अणुभौतिकीची घ्या: हायड्रोजन अणूचं वस्तुमान १८३७, आणि एक फेम्टोसेकंद म्हणजे ४१.३ एकके. हायड्रोजनच्या रेणूचं एक कंपन साडेसात फेम्टोसेकंदांत पूर्ण होतं, म्हणून वेळेचं पाऊल ०.१ फेम्टोसेकंद किंवा त्याहून लहान ठेवा.

निकाल पाहण्याआधी दोन चाचण्या. एकूण ऊर्जा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तीच राहते का? आणि शेवटी सगळे वेग उलटे करून प्रोग्राम तेवढाच वेळ चालवला तर अणू मूळ जागी परत येतात का? दोन्ही जमलं नसेल तर बलाच्या सूत्रात कुठेतरी चिन्ह चुकलंय. सुंदर आलेख आला म्हणून पुढे जाऊ नका.

मग टकरीचा वेग हळूहळू वाढवत न्या आणि पाहा, अणू कधी परत फिरतो आणि कधी नवा रेणू बनतो. तोच वेग ठेवून फक्त कंपनाची सुरुवातीची अवस्था बदलली तरी निकाल बदलतो. हे पहिल्यांदा स्वतःच्या पडद्यावर दिसतं तेव्हा जो आनंद होतो, तो वाचून मिळत नाही.

नंतर तिन्ही मिती घ्या. आता नेम चुकण्याचीही शक्यता येते. अणू रेणूच्या मध्यापासून किती बाजूने जातोय, त्या अंतराला इम्पॅक्ट पॅरामीटर म्हणतात. इथे जवळजवळ सगळे नवशिके अडखळतात: हे अंतर शून्यापासून कमालीच्या मर्यादेपर्यंत सरळ रँडम आकड्याने निवडायचं नसतं. बाहेरच्या कड्याचं क्षेत्रफळ जास्त असतं, म्हणून रँडम आकड्याचं वर्गमूळ घेऊन कमाल अंतराने गुणायचं. हजार ट्रॅजेक्टरी, म्हणजे टकरीच्या सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या अणूंच्या वाटा, चालवा, किती फळल्या ते मोजा. फळलेल्यांचं प्रमाण गुणिले पाय गुणिले कमाल अंतराचा वर्ग, हा झाला तुमचा रिअॅक्शन क्रॉस-सेक्शन, म्हणजे अभिक्रियेसाठीच्या लक्ष्याचं क्षेत्रफळ. हजारांपैकी १०० फळल्या असतील तर उत्तरात साधारण साडेनऊ टक्के अनिश्चितता आहे, ती आलेखावर दाखवा. हायड्रोजन हलका असल्याने अडथळ्यातून आरपार जाण्याचा क्वांटम परिणाम या प्रोग्राममध्ये येत नाही, हे लक्षात असू द्या.

प्रोग्राम चालला की एक मोठा प्रश्न तुमच्या आवाक्यात येतो. ऊर्जा वेगात द्यावी की कंपनात? मायकेल पोलान्यी यांचे पुत्र जॉन पोलान्यी यांनी याचा नियम दिला. अडथळा वाटेत लवकर लागत असेल तर वेग कामाला येतो, उशिरा लागत असेल तर रेणूचं कंपन. हेलियम आणि हायड्रोजनचा रेणू-आयन ही जोडी कंपनाने उसळते. तिच्यावरचं खूप सैद्धांतिक काम आयआयटी कानपूरमध्ये एन. सत्यमूर्ती यांनी केलं आहे.

मोठ्या यंत्रांचे निष्कर्ष वाचायला शिका

१९५५ मध्ये एलिसन टेलर आणि शेल्डन डॅट्झ यांनी पोटॅशियम आणि हायड्रोजन ब्रोमाइडचे दोन झोत निर्वातात एकमेकांवर सोडले. पुढे डडली हर्शबाख यांनी ही पद्धत वाढवली, युआन ली यांनी जवळजवळ कुठलाही रेणू ओळखणारं यंत्र बांधलं, आणि या दोघांना जॉन पोलान्यींसह १९८६ चं नोबेल मिळालं. निर्वात कशाला? एक मिलिबारच्या दहा लाखाव्या भागाएवढ्या दाबाला मोकळं अंतर ७० मीटरच्या आसपास जातं. मग मापकापर्यंत पोहोचलेला रेणू एकदाच आदळलाय याची खात्री देता येते.

या प्रयोगांचे आलेख वाचताना नवशिक्यांना सगळ्यात जड जातो तो सेंटर ऑफ मासचा दृष्टिकोन. ट्रान्स-हार्बरच्या धावत्या लोकलमध्ये दोघं एकमेकांकडे चेंडू टाकतायत असं समजा. घणसोलीच्या प्लॅटफॉर्मवरून पाहणाऱ्याला दोन्ही फेक एकाच दिशेला जाताना दिसतील. डब्यात बसलेल्याला खरी फेक दिसते. मापक प्लॅटफॉर्मवर उभा असतो. आपल्याला डब्यात बसून पाहायचं असतं, म्हणून वेगांची वजाबाकी करावी लागते. त्या आकृतीला न्यूटन डायग्राम म्हणतात. ती कागदावर पट्टी-कंपासने काढा, संगणकावर नको. चार-पाच आकृत्या काढल्या की हात बसतो.

मग दोन जोड्यांची तुलना करा. पोटॅशियम आणि मिथाइल आयोडाइडमध्ये तयार झालेलं पोटॅशियम आयोडाइड आलेल्या वाटेने मागे उसळतं. समोरासमोर धडक झाल्याची ती खूण. पोटॅशियम आणि ब्रोमिनमध्ये मात्र पोटॅशियम जाता जाता ब्रोमिनचा अणू ओढून पुढेच निघून जातो. त्याचं कारण दोन आकड्यांतून काढता येतं. पोटॅशियमचा इलेक्ट्रॉन काढायला ४.३४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, ब्रोमिनच्या रेणूने तो घेतला की सुमारे २.५ परत मिळतात. उरलेले १.८४ विद्युत आकर्षणाने भरून निघाले की उडी शक्य. एक अँगस्ट्रॉम (०.१ नॅनोमीटर) अंतरावरच्या दोन आयनांची आकर्षण ऊर्जा १४.४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, म्हणून १४.४ भागिले १.८४ करा: ७.८ अँगस्ट्रॉम. एवढ्या लांबूनच इलेक्ट्रॉन उडी मारतो आणि मग दोन आयन एकमेकांना खेचतात. लक्ष्याचं क्षेत्रफळ १९० चौरस अँगस्ट्रॉमच्या घरात जातं. आपण नायट्रिक ऑक्साइडसाठी ४० (म्हणजे ०.४ चौरस नॅनोमीटर) धरलं होतं. या जोडीचा स्टेरिक फॅक्टर ४.८ येतो, म्हणजे गोळ्यांच्या चित्रापेक्षा अभिक्रिया जास्त होते. दुसऱ्या टोकाला हायड्रोजन आणि इथिलीन: दहा लाखांत १.७.

कुठे जायचं

वाशीहून खाडीपूल ओलांडला की पुढचं स्टेशन मानखुर्द. तिथलं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र पदवीच्या मुलांसाठी निअस (एनआययूएस) हा उपक्रम चालवतं, त्यात रसायनशास्त्रही आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) उन्हाळी संशोधनाचा कार्यक्रम असतो, आणि विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्तीही मिळवता येते. ठाणेकरांना कांजुरमार्गला उतरून आयआयटी गाठता येते. पात्रता आणि तारखा बदलतात, त्या दरवर्षी त्यांच्या संकेतस्थळावर पाहा. एनपीटीईएल या ऑनलाइन व्याख्यानांच्या संकेतस्थळावर रासायनिक गतिशास्त्राची व्याख्यानं फुकट आहेत. वही जवळ ठेवून, थांबवत थांबवत पाहा.

प्रयोगाकडे ओढा असेल तर व्हॅक्यूमचं काम जिथे जमेल तिथे शिका: पंप, ओ-रिंग, गळती शोधणं. आपल्या पावसाळ्यात चेंबर उघडला की भिंतींवर पाणी बसतं आणि दाब उतरायला फार वेळ लागतो. म्हणून चेंबर दमट हवेने भरायचा नाही, कोरड्या नायट्रोजनने भरायचा. हे ज्याला माहीत आहे त्याला प्रयोगशाळेत लवकर काम मिळतं.

प्राध्यापकांना ईमेल लिहाल तेव्हा "मला तुमच्या संशोधनात रस आहे" एवढंच लिहू नका. स्वतःच्या प्रोग्राममधून निघालेला क्रॉस-सेक्शनचा आलेख जोडा, अनिश्चिततेच्या रेघांसकट. खाली तीन ओळीत लिहा: कोणतं पृष्ठ वापरलं, किती ट्रॅजेक्टरी चालवल्या, आणि कुठला भाग तुम्हाला अजून उलगडलेला नाही. दोन-तीन आठवड्यांत उत्तर आलं नाही तर तोच ईमेल नव्या आलेखासह पुन्हा पाठवा.